पिठल्याबरोबर वाईन चालेल, पण घरात दुसरे कोण आहे?

आपल्या नाशिक जिल्ह्यात द्राक्ष हे एके काळी खायचे फळ होते. थॉमसन सीडलेसची पेटी पाहुण्याला द्यायची, उरलेल्याचे बेदाणे करायचे, एवढाच त्याचा संसार. पुढे २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, दिंडोरी आणि निफाडकडे शेनिन ब्लांक, सॉव्हिन्यो ब्लांक, शिराझ असल्या नावांच्या वेली चढल्या आणि बघता बघता रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला फिरायला गेलेली कुटुंबे येताना पिशवीत एखादी बाटली घेऊन येऊ लागली. ज्या घरात दारूचे नाव काढायची सोय नव्हती त्या घरात वाईन मात्र शिरली, आणि तीही बैठकीच्या खोलीतून. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू की नव्हे' यावर आपल्याकडे पारापासून विधानसभेपर्यंत किती वाद झाला, हे आपल्याला आठवतच असेल.

त्या वादात मला पडायचे नाही. माझ्याकडे आलेला प्रश्न साधा, घरगुती आहे. सातपूरला कारखान्यात नोकरी करणारे एक तरुण गृहस्थ विचारतात, "डॉक्टर, माझी बायको परिचारिका आहे. आठवड्यातून दोन दिवस तिची रात्रपाळी असते. त्या दिवशी मी आणि मुले, मोठा सात वर्षांचा, धाकटी अडीच. पिठले-भाकरी किंवा खिचडी मीच करतो. मुले झोपायच्या बेताला आली की जेवताना एखादा ग्लास वाईन घ्यावी असे वाटते. एक तर ती हृदयाला चांगली असते म्हणतात. दुसरे म्हणजे आपल्या साध्या जेवणाबरोबर कोणती वाईन जाते?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि विचारणारा माणूस व्यसनी नाही. बायको रात्रपाळीला गेल्यावर स्वयंपाक करून दोन मुलांना भरवणारा नवरा आमच्या पिढीत शोधावा लागला असता. तेव्हा त्यांना झिडकारून लावण्याचे मला कारण दिसत नाही. त्यांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. पण त्यांनी न विचारलेला एक तिसरा प्रश्न आहे आणि मला तो या दोहोंपेक्षा मोठा वाटतो.

आधी हृदयाचे. ही समजूत कोठून आली? फ्रान्समधले लोक लोणी-चीज भरपूर खातात आणि तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, याचे श्रेय रेड वाईनला द्यावे असा विचार १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने घरोघरी पोचवला. १९९२ मध्ये त्यावर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेखही आला. मग काय, पिणाऱ्यांना डॉक्टरचीच चिठ्ठी मिळाल्यासारखे झाले. पुढे लोकांनी बारकाईने पाहिले तेव्हा त्यातल्या अडचणी कळल्या. 'न पिणारे' म्हणून ज्यांची गणना केली त्यांत आजारपणामुळे पिणे सोडलेलेही होते. ते आजारी निघणारच. आणि रोज जेवणासोबत थोडी वाईन घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी, भाजीपाला खाणारा, फिरायला जाणारा असतो. गुण कशाचा आणि नाव कोणाचे! द्राक्षाच्या सालीतल्या ज्या द्रव्याचा एवढा गाजावाजा झाला ते वाईनमध्ये अगदी अल्प असते.

दुसरीकडे, मद्यार्क म्हणजे अल्कोहोल कर्करोगाला कारण होते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले आहे. जानेवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेने असे स्पष्ट सांगितले की मद्याचे अमुक प्रमाण प्रकृतीला सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही. म्हणून माझे उत्तर असे: वाईन हे औषध नाही. आवडते म्हणून घ्यायची असेल तर आवडते म्हणून घ्या, आणि तेवढी जोखीम आपण पत्करतो आहोत हे जाणून घ्या. हृदयासाठी म्हणून कोणी घेत असेल तर त्याने ते पैसे चांगल्या चपलांवर खर्च करून रोज सकाळी अर्धा तास चालावे.

आणखी एक गैरसमज मोडतो. 'वाईन हलकी असते.' व्हिस्कीपेक्षा ती पातळ असते, हे खरे. पण पेगाचे माप तीस मि.ली. असते आणि वाईनचा ग्लास आपण दीडशे मि.ली. भरतो. हिशेब करून बघा. तेरा टक्क्यांची दीडशे मि.ली. वाईन म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम मद्यार्क. तीस मि.ली. व्हिस्की म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा दीड छोटा पेग झाला, आणि अख्खी साडेसातशे मि.ली.ची बाटली म्हणजे साडेसात पेग. हा हिशेब मी दवाखान्यात सांगतो तेव्हा अनेकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. त्यातून आपल्याकडे वाईनचा ग्लास नसतोच. पाणी पिण्याच्या स्टीलच्या पेल्यात ओतली जाते, आणि त्यात पाव लिटर सहज मावते. यकृत हे पंधरा ग्रॅम तासाभरात संपवत नाही. साधारण दोन तास लागतात. ताक, लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यांपैकी कशानेही ते घाईला येत नाही.

आता चवीचे. वर्षातून दोन-चार वेळा मीही अर्धा ग्लास घेतो, त्यामुळे अगदीच ऐकीव सांगत नाही. आपल्या जेवणात तिखट, आंबट आणि फोडणी यांचे राज्य असते. मिरचीने जिभेवरच्या ज्या मज्जातंतूंना आग लागते, त्यांनाच मद्यार्कही चेतवतो. म्हणून ठेच्याबरोबर चढी रेड वाईन घेतली की तोंडात वणवा पेटतो. शिवाय रेड वाईनमध्ये कच्च्या जांभळासारखा तुरटपणा असतो, तो तिखटाबरोबर अधिकच बोचतो. पिठले-भाकरीबरोबर शेनिन ब्लांकसारखी किंचित गोडसर, चांगली गार केलेली वाईन बरी जाते. वरण-भात, तूप आणि वर लिंबू असेल किंवा खिचडी-कढी असेल तर आंबटसर सॉव्हिन्यो ब्लांक. तळलेल्या बोंबलालाही तीच. रेड वाईन हवीच असेल तर ती भाजलेल्या वांग्याचे बेताच्या तिखटाचे भरीत किंवा कमी मसाल्याचे मटण यांच्यासाठी ठेवावी. श्रीखंड, पुरणपोळी यांच्याबरोबर कोरडी वाईन घेऊ नये, ती नुसती आंबट लागते. आणि दहीभाताबरोबर काहीच घेऊ नये; दहीभात स्वतःच परिपूर्ण आहे.

वाईन जेवणाबरोबर घेण्याची त्या गृहस्थांची कल्पना मला पसंत आहे. आपल्याकडची रीत उलटी. आधी शेंगदाणे-फरसाणावर दोन तास पिणे, मग अकरा वाजता गार झालेले जेवण कसेबसे ढकलणे किंवा ते टाळणेच. पोटात अन्न असले की मद्यार्क रक्तात सावकाश उतरतो, माणूस सावकाश घोट घेतो, आणि जेवण संपले की पिणेही संपते. फ्रान्स-इटलीकडून काही उचलायचे असेल तर ही एक सवय उचलण्यासारखी आहे.

परंतु मुलांबरोबर एकट्याने काढलेली संध्याकाळ कशी जाते, ते ज्याने काढली आहे त्याला ठाऊक असते. कुकर लावायचा, एकाचा गृहपाठ, दुसरीची शी, मध्येच दूधवाला. मुलांना आधी भरवायचे, त्यांच्या ताटातले उरलेले उभ्या उभ्या तोंडात टाकायचे, आणि स्वतःचे ताट वाढायला साडेनऊ वाजतात. वाईन मात्र तोवर थांबत नाही. 'जेवताना घेईन' म्हणून उघडलेली बाटली ओट्याशीच सुरू होते, रिकाम्या पोटी, शेजारी गॅस आणि तापलेले तेल असताना. हे मी माझ्या रुग्णांकडून इतक्या वेळा ऐकले आहे, पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही, की तो अपवाद नव्हे, नियमच समजावा.

म्हणून तो तिसरा प्रश्न. त्या रात्री घरात दुसरे जाणते, जागे आणि शुद्धीवर असलेले माणूस कोण आहे?

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. वाड्यात आजी असे, काकू असे, पलीकडच्या बिऱ्हाडात कोणी ना कोणी जागे असे. (वाड्यातही पिणारे होतेच, पण त्यांच्या मुलांना सांभाळणारे दहा हात होते.) आता इंदिरानगरपासून पाथर्डी फाट्यापर्यंत बंद दारांचे फ्लॅट आहेत आणि शेजाऱ्याचे आडनाव दारावरच्या पाटीवरून कळते. आई रात्रपाळीला गेली की त्या दाराआड मोठे माणूस एकच उरते. मुलाला ताप आला, उलटी झाली, श्वास लागला, तर डॉक्टर, ड्रायव्हर आणि धीर देणारा, तिन्ही तोच.

लहान मुलांचे ताप रात्रीच का चढतात हे आई-बाप नेहमी विचारतात. संध्याकाळनंतर शरीराचे तापमान निसर्गतःच थोडे वर जाते, हे त्याचे एक कारण. तेव्हा रात्री अकराला औषध मोजण्याची वेळ येणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. आता बघा, पॅरासिटामॉलचे बाळांचे थेंब येतात त्यात एका मि.ली.मध्ये शंभर मि.ग्रॅ. औषध असते. सिरपच्या एका बाटलीत पाच मि.ली.ला सव्वाशे मि.ग्रॅ., तर दुसरीत पाच मि.ली.ला अडीचशे. दहा किलोच्या मुलाला एका वेळी दीडशे मि.ग्रॅ. द्यायचे तर सव्वाशेवाल्या सिरपचे सहा मि.ली. आणि थेंबांचे दीड मि.ली. सिरप समजून थेंबांची बाटली उचलली आणि सहा मि.ली. पाजले, तर चौपट औषध गेले. बाटल्या सारख्याच दिसतात, अक्षरे बारीक असतात. पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून वाचावे लागते. दोन ग्लास झालेल्या माणसाला आपण चुकतो आहोत हे कळत नाही, हीच तर मद्यार्काची पहिली करामत.

गाडीचेही तसेच. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमानुसार शंभर मि.ली. रक्तात तीस मि.ग्रॅ. ही मर्यादा आहे. रिकाम्या पोटी घेतलेल्या एका भरलेल्या ग्लासानेही बारीक चणीचा माणूस ही मर्यादा ओलांडू शकतो. कायदा बाजूला ठेवा. मागे धापा टाकणारे पोर आणि पुढे द्वारका चौकातली वाहतूक, अशा वेळी हात स्थिर असायला हवा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला बोलवायला अजिबात संकोचू नये. पण तिच्यात मुलाबरोबर बसून 'कधीपासून ताप, काय औषध दिले, किती वाजता दिले' हे सांगणारे माणूस लागतेच.

तान्हे मूल असलेल्या घरांना मी अधिक कडक शब्दांत सांगतो. आपल्याकडे मूल शेजारी घेऊन झोपण्याची रीत आहे आणि एरवी तिच्यात गोडवाच आहे. पण मद्य घेतलेल्या माणसाने वर्षाच्या आतल्या बाळाला कुशीत घेऊन झोपू नये. झोप जड होते, कूस बदलताना बाळ अंगाखाली किंवा गोधडीत सापडले तरी जाग येत नाही. अशा झोपेत बाळ गुदमरल्याच्या घटना जगभरात नोंदल्या गेल्या आहेत. घरात बाळाशेजारी झोपायला दुसरे कोणी नसेल तर त्या रात्री वाईन नाही. यावर तडजोड मला सुचत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने एका ग्लासानंतर किमान दोन-अडीच तास दूध पाजू नये, आणि गर्भारपणात एक घोटही घेऊ नये.

मधुमेहाच्या रुग्णांना तर हात जोडून सांगतो. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण लांबवून मद्य घेतले, तर यकृत रक्तात साखर सोडण्याचे काम बाजूला ठेवून मद्यार्काच्या मागे लागते आणि मध्यरात्री साखर एकदम खाली येते. माझ्या एका रुग्णाची अशीच साखर उतरली. बायको माहेरी, घरात तो आणि नऊ वर्षांची मुलगी. दोन ग्लास वाईन, थोडे शेंगदाणे, जेवण 'नंतर' करायचे म्हणून राहिले. बाबा घामाने भिजलेत आणि वेडेवाकडे बोलताहेत हे पाहून ती पोर शेजाऱ्यांचे दार ठोठावायला गेली. शेजाऱ्यांना तोंडाला वास आला. त्यांनी स्वाभाविकच 'जास्त झाली आहे, झोपू दे' म्हटले. सुदैवाने त्या घरातल्या आजींना स्वतःला मधुमेह होता. त्यांनी ग्लुकोमीटर लावले, आकडा बेचाळीस. माणूस शुद्धीवर होता म्हणून साखरेचे पाणी पाजता आले. बेशुद्ध असता तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालयात न्यावे लागले असते. साखर उतरलेला आणि चढलेला, दोघे सारखेच दिसतात, आणि वास आला की लोक दुसऱ्याच शक्यतेवर थांबतात.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, पोट बिघडल्यावर सर्रास घेतली जाणारी मेट्रोनिडॅझोल, यांच्याबरोबरही मद्य टाळावे.

एक गोष्ट भगिनींच्या बाजूने. हे सारे वाचून काहीजण म्हणतील, 'मुले एकटीच्या जिवावर असताना बाईने प्यावे का?' हा प्रश्न पुरुषाबद्दल का विचारत नाहीत? समान ग्लासाने स्त्रीच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण अधिक चढते, कारण तिच्या शरीरात पाण्याचा अंश कमी असतो. हा शरीराचा फरक आहे आणि तो तिने लक्षात ठेवावा. जबाबदारीत मात्र काडीचा फरक नाही. अडीच वर्षांच्या मुलीला रात्री शू लागली तर उठणारे माणूस बाप असो की आई, त्याला हाक ऐकू आली पाहिजे.

थकवा मला समजतो. दिवसभर यंत्रावर उभे राहून आल्यावर मुले झोपली की 'आता माझा वेळ' असे वाटणे हा गुन्हा नव्हे. त्या वेळेला काही खूण हवी असते आणि बाटलीचे बूच उघडणे ही सोपी खूण आहे. पण सात वर्षांचा मुलगा अर्धवट झोपेतूनही सगळे पाहत असतो. दमलो की बाटली, हे गणित त्याला शिकवायचे नसेल तर ती खूण दुसरी शोधावी लागेल. मला स्वतःला साडेनऊनंतर गॅलरीत बसून खाल्लेला गरम गरम भात पुरतो. प्रत्येकाला पुरेल असे मी म्हणत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. रात्रपाळीच्या दोन्ही दिवशी बाटली बंद. पत्नी घरी असेल अशा सुटीच्या दिवशी, दोघांपैकी एकाने, मोजून शंभर-सव्वाशे मि.ली., ताट वाढल्यावर. दुसऱ्याने त्या दिवशी सोलकढी घ्यावी, पुढच्या वेळी अदलाबदल करावी. हा नियम ऐकून पत्नी बहुधा खूश होईल, कारण आजवर अदलाबदल झालेली नसणार. रोजची सवय मात्र दोघांनीही लावून घेऊ नये. आणि कधी एकटे असताना पाहुणे आले, आग्रह झाला, घेतली गेली, तर त्या क्षणीच शेजारच्या एका जाणत्या माणसाला फोन करून 'रात्री गरज पडली तर येशील ना?' असे विचारून ठेवावे. हा फोन करायला लाज वाटत असेल तर ग्लास खाली ठेवावा.

राहिली उघडलेली बाटली. तिला बूच घट्ट लावून शीतकपाटात ठेवली तर तीन-चार दिवस चव टिकते, पुढे आंबते. ती वरच्या कप्प्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. उरलेली वाईन सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत मुळीच ओतू नये, आणि 'द्राक्षाचा रस आहे' असे मुलांना गमतीने सांगू नये. दहा किलोच्या मुलाने शंभर मि.ली. वाईन प्यायली तर ती त्याच्या जिवावर बेतू शकते. लहान मुलांची साखर फार लवकर उतरते. तसे घडलेच तर मीठपाणी पाजून उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता, किती प्यायले असेल याचा अंदाज घेऊन, मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. जेवण झाल्यावर टेबलावर अर्धा ग्लास तसाच ठेवून झोपायला जाऊ नये. सकाळी सर्वांत आधी मुले उठतात.